मामा कोणत्या कंपनीचा

मुलगी: तर आत्ता दुकानात ड्रमसेट आहेत सात. काळे तीन, लाल दोन, एक निळा आणि एक तो शेवाळी. सगळे एकाच कंपनीचे. झांजा नऊ, त्यातली एक चिरलेली. आणि मामा चार.

आई: मामा चार?

मुलगी: एक पोस्टर काचेवर, एक गल्ल्याच्या मागे, एक वाजवून बघायच्या खोलीत. आणि दारातला पुठ्ठ्याचा. तू त्याचं तोंड भिंतीकडे केलंयस, पण मोजायचं तर त्यालाही मोजायला हवं.

आई: शिक्षा दिलीय त्याला.

मुलगी: पुठ्ठ्याला?

आई: खरा हाती लागेपर्यंत पुठ्ठ्यावर भागवायचं.

मामा: ताई! अगं, मला असं कोपऱ्यात का उभं केलंस? पाठीमागून मी अजिबात चांगला दिसत नाही.

आई: आलात? या, या. कोणत्या कंपनीकडून आलात आपण?

मामा: झालं. कळलं वाटतं.

आई: समोरच्या चष्मेवाल्याने येऊन फोटो दाखवला. ड्रमवर नव्या कंपनीचं नाव, आणि मध्ये माझा सख्खा भाऊ दात काढून उभा. चष्मेवाला म्हणतो, ‘वहिनी, हे आपलेच ना?’ मी म्हटलं, कालपर्यंत होते.

मामा: तेच सांगायला आलो गं आज.

आई: एकोणीस वर्षं एका कंपनीचे ड्रम वाजवलेस. मागच्या महिन्यात इथे, याच स्टुलावर बसून कोण म्हणालं, ‘ताई, सात सेट घे, पोस्टरवर मी आहे, हातोहात जातील’?

मामा: मीच.

आई: आणि आता पोस्टरवरचा माणूस दुसऱ्याच कंपनीचे गोडवे गातोय. या सातांचं मी काय करू? घरी नेऊन त्यात धान्य भरू?

मामा: तेव्हा माझं काही ठरलं नव्हतं. तुझी शपथ.

आई: माझी नको. पुठ्ठ्याची घे.

मुलगी: मामा, आत ये ना. अर्धा बाहेर का उभा आहेस?

मामा: शटर जरा खाली ओढू का?

आई: का? दरोडा घालायचाय?

मामा: तसं नाही. नव्या करारात एक ओळ आहे. दुसऱ्या कंपनीच्या ड्रमजवळ लोकांसमोर दिसायचं नाही. सही व्हायचीय अजून, संध्याकाळी कागद द्यायचाय. पण म्हटलं, आत्तापासून सवय लावून घ्यावी.

आई: आणि रविवार?

मामा: रविवारचं काय?

आई: रविवारचं काय म्हणे! आठवडाभरात सेट विकला की गिऱ्हाईक रविवारी न्यायला येतं, आणि तू त्याच्यासमोर बसून एकेक ड्रम सुरात लावून देतोस. ते लोकांसमोर नाही तर काय विहिरीत बसून करतोस?

मामा: अरेच्चा.

आई: काय अरेच्चा?

मामा: हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

आई: येणार कसं? डोक्यात सगळं धडाडधूम. रिकामी जागा आहे कुठे?

मुलगी: थांबा, थांबा. म्हणजे प्रश्न दोन आहेत. मामाने कंपनी बदलल्यावर हे सात सेट खपतील का, हा एक. आणि मामाला रविवारी इथे येता येईल का, हा दुसरा.

आई: प्रश्न एकच आहे. माझा भाऊ माझ्या दुकानाचा राहिला की नाही.

मामा: ताई, तू उगाच मोठं करतेयस. माझं तोंड बघून कोण ड्रम घेतं? लोक रंग बघतात, किंमत बघतात, घरात मावेल का बघतात. मी कोण लागून गेलो?

आई: असं कसं? तू साधा माणूस आहेस का? तुझ्या कार्यक्रमाला लोक उभे राहून ओरडतात. तू ज्याच्यावर काठी मारशील तेच लोकांना हवं असतं.

मामा: छे गं! बस स्टॉपवर मला कोणी सरकून जागासुद्धा देत नाही.

आई: देतील कशी? दबकतात तुला. एवढा मोठा कलाकार!

मुलगी: तुम्हाला दोघांना कळतंय का, तुम्ही उलट्या बाजूने भांडताय?

आई: कोण उलट्या बाजूने?

मुलगी: परवापर्यंत तू म्हणायचीस, ‘तुला कुत्रं ओळखत नाही, जा भाजी घेऊन ये.’ आणि मामा म्हणायचा, ‘मी भाजी घ्यायला गेलो तर चेंगराचेंगरी होईल.’

मामा: प्रोफेसर, मध्ये बोलू नकोस. मी आत्ता नम्र झालोय, मला राहू दे.

आई: बरं, मग ते तरी सांग. का बदललीस? काय कमी केलं त्यांनी? घरी ड्रम पाठवायचे, काठ्या पाठवायचे, वाढदिवसाला टोपी पाठवायचे.

मामा: टोपी दर वर्षी लहान व्हायची. ते जाऊ दे. खरं सांगू?

आई: खोटं सांगायला इथवर आलास का?

मामा: दोन महिन्यांपूर्वी कार्यक्रमाच्या मध्येच माझ्या स्नेअरचं, त्या मधल्या छोट्या ड्रमचं, कातडं फाटलं. फट्! आमच्या आधी ज्या बँडने वाजवलं, त्यातल्या ड्रमर पोरीने धावत येऊन तिचा स्नेअर मांडला. मी बघितलंही नाही कुठला आहे. काठी टेकवली आणि... ताई, तो आवाज असा कोरडा, स्वच्छ, जणू नवीन वहीचं पान फाडलं. पुढची तीन गाणी मी काय वाजवलं ते मलाच माहीत नाही. नुसता हसत होतो. घरी जाऊनही हसत होतो. नंतर बघितलं, तर तो या नव्या कंपनीचा. आवडला गं मला आवाज. एवढंच.

आई: एवढंच?

मामा: एवढंच.

आई: लहानपणी असंच केलं होतंस. वर्षभर माझा पुस्तकांचा पत्र्याचा डबा बडवलास, आणि एक दिवस शेजारच्यांचा बिस्किटांचा डबा वाजवून आलास. म्हणालास, ‘ताई, त्यांचा डबा बोलतो.’ तेव्हाच तू पहिल्यांदा कंपनी बदललीस.

मामा: आणि तू काय केलंस आठवतंय? शेजारणीशी गोड बोलून तो डबा मागून आणलास.

आई: मी तेव्हा मूर्ख होते.

मुलगी: मामा, पण परवाच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ मी बघितला. नव्या कंपनीचे ड्रम खरंच वेगळे वाटले मला. खर्ज जास्त होता.

मामा: हा हा! खर्ज?

आई: आता का दात काढतोयस?

मामा: प्रोफेसर, तुला काय वेगळं वाटलं, पुन्हा सांग.

मुलगी: खर्ज. बेस ड्रमचा. नीट घुमत होता. का?

मामा: अगं, नवे ड्रम अजून आलेच नाहीत! बोटीवर आहेत. त्यांनी नुसतं बेस ड्रमचं पुढचं कातडं पाठवलं, मोठ्या अक्षरांत नाव छापलेलं. म्हणाले, कार्यक्रमात तेवढं लावा. मी ते जुन्या ड्रमच्या तोंडावर चढवलं. बाकी सगळं जसंच्या तसं. तेच ड्रम, त्याच काठ्या, तोच मी.

मुलगी: नाही!

मामा: आणि लोकांनी खाली काय काय लिहिलंय! ‘काय फरक आहे, वा!’ ‘जुन्या ड्रममध्ये दम नव्हता.’ एक जण तर म्हणतो, ‘आज पहिल्यांदा छाती हलली.’ पंधरा वर्षं पहिल्या रांगेत बसतो तो!

मुलगी: म्हणजे मी कातडं ऐकलं? छापलेलं?

आई: आणि शिक विज्ञान.

मुलगी: अगं, पण हा तर तयार प्रयोग आहे! एकच गोष्ट बदलली, नाव. आणि लोकांच्या कानात आवाज बदलला. माझ्यासकट. कसलं भारी!

आई: भारी काय त्यात? माझंच म्हणणं सिद्ध झालं. याचं नाव जिकडे, लोक तिकडे. गेले माझे सात.

मुलगी: नाही, आई. लोकांना ऐकू काय आलं ते कळलं. लोक विकत काय घेतात ते अजून कुठे कळलंय? व्हिडिओखाली वा वा लिहायला काही लागत नाही. ड्रम घ्यायला घरातली एक खोली लागते.

मामा: आणि शेजाऱ्यांशी भांडायची तयारी.

मुलगी: वर्षभरात तू ज्यांना सेट विकलेस त्यांचे नंबर आहेत ना तुझ्या फोनमध्ये? आपण विचारू. आत्ता.

आई: काय विचारायचं? माझ्या भावामुळे घेतलात का?

मुलगी: असं बिलकुल विचारायचं नाही! मग सगळे बिचारे हो म्हणतील. फक्त एवढंच: हाच सेट का घेतलात? आणि गप्प राहायचं.

मामा: ताईने गप्प राहायचं? प्रयोग फसला.

आई: लाव फोन. पहिला दातांच्या डॉक्टरांना लाव. त्यांनी काळा नेलाय.

मुलगी: हॅलो, डॉक्टर, मी ड्रमच्या दुकानातून बोलतेय. नाही, नाही, बिघाड काही नाही. एकच प्रश्न. तुम्ही हाच सेट का घेतलात?... अच्छा... अच्छा. आभारी आहे... नाही, दात ठीक आहेत माझे.

मामा: काय म्हणाले?

मुलगी: लिफ्टमध्ये मावला.

मामा: बघ! मी म्हटलं नव्हतं?

आई: डॉक्टरांचं सोड, ते फार व्यवहारी. जुळ्यांच्या आईला लाव. इकडे दे, मी बोलते. हॅलो! ओळखलंत का? हो, मीच. अहो, तुम्ही तो लाल सेट नेलात, तो माझ्या भावामुळेच ना?

मुलगी: आई!

आई: अहो, माझा भाऊ, पोस्टरवरचा... लांब केस... नाही? काचेवर आहे ना मोठा... हो, हो, काच स्वच्छ असते आमची... अच्छा. अच्छा. ठेवते.

मुलगी: तू तोंडात उत्तर घालून दिलंस, तरी?

आई: तरी नाही. म्हणे, दोन्ही पोरांचं फक्त लाल रंगावर एकमत झालं. आयुष्यात पहिल्यांदा.

मामा: मला आता थोडं वाईट वाटायला लागलंय.

आई: मलाही. काही झालं तरी माझा भाऊ आहेस. पुढचा कोण?

मुलगी: बेकरीवाले.

मामा: तो माझा चाहता आहे! प्रत्येक कार्यक्रमाला येतो. स्टेजवरून दिसतो मला, पिठाच्या रंगाचा शर्ट घालून.

मुलगी: शू. हॅलो, नमस्कार. हो, दुकानातून. एक विचारायचं होतं. तुम्ही हाच सेट का निवडलात?... हो... खरंच?... हो, ऐकतेय... त्यांचं वादन आवडतं तुम्हाला? हो, छानच वाजवतात... अच्छा... कोण?... मेकॅनिक?

मामा: कोण मेकॅनिक?

मुलगी: हो, हो, सांगते त्यांना. नक्की सांगते.

आई: काय ते नीट सांग. हसू नकोस.

मुलगी: थांब, आठवून शब्दाला शब्द सांगते. ‘पोस्टरवरच्या माणसासारखं कोणी वाजवत नाही. देवमाणूस. पण हे कलाकार लोक, आज या कंपनीचे, उद्या त्या. त्यांच्यावरून मी कशाला घेऊ? मी सेट घेतला तुमच्या मेकॅनिकमुळे. चष्मा लावून, एप्रन बांधून येतात ना रविवारी? माझ्या आधीच्या गिऱ्हाइकाचा ड्रम ते तासभर कानाला लावून बसले होते. म्हटलं, जिथे असा माणूस आहे तिथूनच घ्यायचं. त्यांना माझा नमस्कार सांगा.’

आई: चष्मा. एप्रन.

मामा: तो मी आहे!

मुलगी: हो.

मामा: तो एप्रन तुझा आहे, ताई! तूच बांधतेस मला, शर्ट काळा होतो म्हणून!

आई: मग काय उघडाबंब बसणार होतास?

मामा: अगं, त्या माणसाने माझ्या तीन फुटांवर उभं राहून मला माझ्याबद्दल सांगितलंय! म्हणाला होता, ‘काका, तुम्ही कधी या पोस्टरवाल्याला ऐकलंत का? अवश्य ऐका.’ मला वाटलं, गंमत करतोय. मीही म्हटलं, बघतो वेळ मिळाला तर.

मुलगी: मामा, पोस्टरमध्ये तुझे केस उडतायत, डोळे मिटलेत, आणि धूर आहे. रविवारी चष्मा नाकावर, पेन्सिल कानावर, आणि तू पुटपुटत असतोस. ही दोन माणसं एकच आहेत, हे कळायला पुरावा लागेल.

आई: पुढचा लाव. स्कूलबसचे ड्रायव्हर.

मुलगी: मग मध्ये कोणी बोलायचं नाही. दोघं स्टुलावर बसा.

(अर्धा तास फोन चालू राहतात.)

मामा: काय झालं? बोल ना. तोंडावर काही दिसत नाहीये तुझ्या. डॉक्टर रिपोर्ट वाचतात तसं करू नकोस.

मुलगी: ड्रायव्हर म्हणाले, ‘ते चष्मा लावून बसतात ना, त्या काकांमुळे.’ निवृत्त हेडमास्तरीण बाई म्हणाल्या, ‘तुमच्याकडच्या गृहस्थांनी माझा हात धरून काठी कशी पकडायची ते दाखवलं. या वयात कोणी एवढ्या धीराने शिकवलं नव्हतं. तिथल्या तिथे ठरवलं.’ नळ दुरुस्त करणारे म्हणाले, ‘चावी फिरवायची त्यांची पद्धत बघितली. समोरासमोरचे स्क्रू घेतात, घाई नाही. काम कळतं त्या माणसाला.’

मामा: नळवाला म्हणाला असं? त्याला कळलं ते?

मुलगी: त्याला सगळ्यात जास्त कळलं.

आई: एकोणीस वर्षांत तुझ्या कंपनीने म्हटलं होतं का कधी असं?

मामा: कंपनीने टोपी पाठवली.

आई: म्हणजे बघ. तुझ्या चेहऱ्याने एकसुद्धा सेट विकला नाही.

मामा: एकसुद्धा नाही.

आई: आणि तुझ्या हातांनी धडाधड विकले.

मामा: ताई, तू रडतेयस का?

आई: झांजेची धूळ आहे. हे सात जातील रे. कंपनी कुठलीही असू दे. फक्त रविवार राहिला पाहिजे. मी बाहेर पाटी लावते, ‘रविवारी ड्रम सुरात लावून मिळतील.’ पण लावणारा कुठाय? त्याला ‘लोकांसमोर’ दिसायचं नाही.

मामा: दे इकडे फोन.

आई: काय करतोयस?

मामा: नव्या कंपनीच्या मॅडमना तो शब्द काढायला सांगतो. नाही काढला तर सही नाही. जुना स्नेअर काही वाईट नाहीये.

आई: वेडा आहेस का? आवाज आवडलाय तुला.

मामा: आवडलाय. पण बिस्किटाचा डबा आणून देणारी तूच होतीस ना? हॅलो, मॅडम? हो, मीच. हो, हो, कागद तयार आहे. फक्त एक शब्द बदलायचाय. ‘लोकांसमोर’ आहे ना, तिथे ‘स्टेजवर’ करा... कारण रविवारी मी बहिणीच्या दुकानात ड्रम लावून देतो. जुन्या कंपनीचे... हो, गिऱ्हाइकांसमोर... नाही हो, कोणी ओळखत नाही मला. अजिबात नाही. अहो, माझ्याच पोस्टरखाली बसतो तरी नाही!... मी कशाला खोटं बोलू? स्वतःची एवढी बदनामी कोण करून घेईल?

आई: काय म्हणतेय?

मामा: म्हणते, मग आम्ही तुम्हाला घेतलं कशासाठी?

मुलगी: परवाच्या कार्यक्रमाचं सांग!

मामा: मॅडम, परवाच्या व्हिडिओखाली लोकांनी काय लिहिलंय, वाचलंत?... हो, छाती हलली तो. ड्रम कुठले होते, आठवतंय ना? तुमचे बोटीवर आहेत. तुम्ही नुसतं पुढचं कातडं पाठवलं होतं... हॅलो? मॅडम?... हसताय होय. मला वाटलं, फोन कट झाला. हसा, हसा. तर तेच म्हणतोय मी. स्टेजवर धूर असतो, दिवे असतात, तिथे मी तुमचा. रविवारी मी मेकॅनिक.

आई: चांगला मेकॅनिक म्हण.

मामा: ताई म्हणते, चांगला मेकॅनिक... हो, तीच माझी बहीण... हो, आवाज खणखणीत आहे तिचा, त्याला कातडं लागत नाही... काय? खरंच? ‘स्टेजवर’? पक्कं?

मुलगी: मिळालं?

मामा: मिळालं! म्हणते, शब्द आत्ता बदलून पाठवते, संध्याकाळी सही करा.

आई: माझ्याकडून आभार सांग. आणि म्हणावं, इकडे आलात तर दुकानात या. तुमचेही ड्रम ठेवू, एवढे खपले की.

मामा: ऐकलंत ना? तिची दुकानदारी सुरू झाली... काय म्हणालात? पुराव्याला?... अच्छा. हो, केलं ना, माझ्या भाचीने. आत्ताच, इथे बसून. देतो तिला. घे गं. त्यांच्या वरच्या साहेबांना शब्द का बदलला ते सांगावं लागणार आहे. म्हणे, तुमची पाहणी नीट सांगा, लिहून घेते.

मुलगी: नमस्कार, मॅडम... हो, पदवी यंदाच झाली... आधी एक सांगते, दुकान एकच आहे आणि माणसं थोडी, त्यामुळे यावरून सगळ्या जगाबद्दल काही म्हणता येणार नाही. आणि एका उत्तराच्या वेळी आईने प्रश्न बिघडवला, पण तिने बिघडवला तो मामाच्या बाजूने. तर, फोन केले अकरा, उचलले नऊ जणांनी. रंग, लिफ्ट, दुकान घराजवळ, आणि बायकोने निवडला, अशी वेगवेगळी कारणं सांगणारे चार. रविवारच्या माणसामुळे घेतला म्हणणारे पाच. त्या पाचांपैकी, तो माणूस प्रसिद्ध ड्रमर आहे हे माहीत असलेले, शून्य.